ओवाळणीत दिलेलं पळसफूल

खिशात सदा माचिस, पण जन्मात बिडी ओढली नाही, असा माणूस मी एकच पाहिला. आमचे काकाजी. तसे ते आमच्यापैकी कोणाचेच सख्खे काका नव्हते. बोरगाव मेघेला त्यांचा वातींचा कारखाना होता आणि तिथं वाती वळणाऱ्या आम्ही आठ बाया त्यांना काकाजी म्हणायचो. कारखाना म्हणजे काय, तर घरामागं टिनाचं लांब शेड, कापसाचे पेळू, बोटाला लावायला राखेच्या वाट्या, आणि पुठ्ठ्याच्या डब्यांची छतापर्यंत चळत. प्रत्येक डब्यावर नारंगी पळसाचं फूल. पळसफूल वाती. वर्ध्यात ज्याच्या घरी देव आहे त्याच्या घरी आमचा डबा असायचाच. असं आपलं आम्ही म्हणायचो, बरं का.

माचिस कशाला, तर वात जाळून पाहायला. काकाजी लुनावर निघाले की वाटेतल्या प्रत्येक किराणा दुकानापाशी थांबत. पळसफुलाचा डबा मागत, तिथंच फोडत, गल्ल्यापुढं एक वात पेटवत आणि डोळे बारीक करून पाहत बसत. दुकानदार ओरडायचा, "काकाजी, दुकान जाळता का आमचं?" कापसाची वात शांत जळते, कागदासारखा वास येतो, राख बोटात भुरभुरते. वात आपली निघाली की पैसे ठेवून चालू पडत. नाही निघाली, तर मग त्या दुकानदाराची काही खैर नसे. "डबा खोटं बोलू शकते," ते म्हणत. "वात नाई बोलत."

ठिणग्या उडून त्यांच्या सगळ्या शर्टांना भोकं पडलेली. काकी म्हणायच्या, "या माणसाच्या शर्टाले खिसा नाई वं, चूल हाय."

दुसरं वेड रिकाम्या डब्यांचं. रस्त्यात, उकिरड्यावर, देवळामागं कुठंही आमचा रिकामा डबा दिसला की लुना थांबलीच. उतरायचे, डबा उचलायचे आणि अंगठ्याच्या नखानं त्यावरचं फूल मधोमध फाडायचे. पुतण्याच्या वरातीत घोड्यापुढं चालता चालता खाली वाकले होते. काकी लाजेनं मेल्या. "लोक रस्त्यातून लक्ष्मी उचलतात, आमचे हे कचरा उचलतात." पण त्यामागं कारण होतं. रिकाम्या डब्यात भलत्या वाती भरून विकणारे लोक असतात. डबा आपला, माल त्याचा, आणि शिव्या आपल्याला.

ते फूल त्यांनी स्वतः काढलेलं. हिंगणीच्या वाटेवर पडलेलं एक पळसफूल उचलून, समोर ठेवून. त्या फुलाची एक पाकळी खालून मुडपलेली होती, म्हणून चित्रातही मुडपलेली. एकदा छापखानेवाल्यानं आपल्या मनानं ती सरळ केली. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचा हात चुकला असेल. काकाजींनी सगळा गठ्ठा परत पाठवला. छापखानेवाला म्हणाला, "सरळ केली तर छान दिसते ना!" तर म्हणाले, "सरळ पाकळी कोणाचीबी असते. वाकडी आपली."

छाप त्यांनी रीतसर नोंदवून घेतली होती. तो कागद फ्रेम करून देवघराशेजारी लावलेला, दसऱ्याला त्यालाही आपट्याचं पान. मी एकदा विचारलं, "काकाजी, कागद तर भेटला. मंग रोज उठून ही शोधाशोध काऊन?"

शेडच्या फरशीवर कापसाची पांढरी धूळ साचलेली होती. त्यात त्यांनी बोटानं एक रेघ ओढली.

"हा धुरा," म्हणाले. "तुह्या वावराच्या अन् शेजाऱ्याच्या वावराच्या मधातला बांध. सातबारा तुह्यापाशी हाय, कबूल. पण शेजारी दरसाल नांगर घालते अन् दरसाल एक तास, नांगराची एक रेघ, धुऱ्याच्या आत येते. पहिल्या साली तू म्हणतं, जाऊ दे, एक तास तं हाय. दुसऱ्या साली म्हणतं, शेजारी हाय बिचारा. मंग एक दिवस तू जाऊन पाह्यतं तं धुरा तुह्या आंब्याच्या इकडं. तवा कागद घेऊन भांडाले गेली की तो म्हणते, इतके दिवस काऊन बोलली नाई?" बोलता बोलता रेघ बोटाबोटानं सरकवत त्यांनी माझ्या पायापर्यंत आणली. मी पाय मागं घेतला. "पाह्यलं?" म्हणाले. "सरकली तू."

असा माणूस. कुठं थांबावं याचं भान नाही. आमच्या गल्लीत एक म्हातारे वारले, तेव्हा सगळे बसायला गेलो. जिथं माणूस गेला तिथं दिवा लावलेला, भोवती बाया रडत होत्या. काकाजी आत आले, हात जोडले, दिव्यापाशी बसले. मला वाटलं, नमस्कार करतात. तर यांनी वाकून जळत्या वातीचं टोक चिमटीत धरलं, नाकाशी नेलं, वास घेतला आणि एवढ्या रडारडीत स्पष्ट म्हणाले, "आपली नाई." रडणं थांबलं. मेलेल्याचा लेक बघतच राहिला. काकाजींनी खिशातून दोन वाती काढल्या, दिव्यात घातल्या, पेटवल्या, पुन्हा हात जोडले आणि निघून आले. काकी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

सगळ्या जगाच्या वाती जाळणारा हा माणूस एका ठिकाणी मात्र माचिस काढत नव्हता. आता तेच सांगते.

त्यांची मोठी बहीण हिंगणीला दिलेली. माझं माहेरही तिथलंच, म्हणून मी तिला लहानपणापासून ओळखते. ते तिला बाई म्हणत, ती त्यांना बाबू. आई लवकर गेली, बाप कामाचा नव्हता. बाईनं पोरवयात मांडीला राख लावून वाती वळल्या, देवळापुढं बसून विकल्या आणि भावाला वाढवलं. काकाजी वात वळायला शिकले ते तिच्याच मांडीशी बसून. तिच्यापुढं ते मान वर करून बोलत नसत.

माझा भाऊ मागंच गेला, त्यामुळं माझी भाऊबीज मोकळी. काकाजी-काकी त्या दिवशी ऑटो करून हिंगणीला निघायचे, तेव्हा मलाही बसवून घ्यायचे. वहिनीला भेटून मी बाईकडं जेवायला जायची. अशाच एका भाऊबीजेला बाईनं ओवाळलं, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाबू, अवंदा पैसा नोको टाकू."

"मंग काय टाकू?"

"माह्या पोराले तुही छाप दे."

तिच्या लेकाचे दोन धंदे बसलेले होते. तो दारात उभा, हाताची घडी घालून. काकी चटकन म्हणाल्या, "अवं बाई, छाप का साडी हाय?" पण काकाजींनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. भावानं बहिणीच्या ताटात पाहून नाही म्हणायचं नसतं. आमच्याकडं तशी रीतच आहे. माल पाठवायच्या खोक्यांवर मारायचा लाकडी ठसा त्यांच्या पिशवीत असायचाच, पळसफुलाचा. तो त्यांनी काढला आणि सुपारीशेजारी ताटात ठेवला. बाईचे डोळे भरले. भाच्यानं ठसा उचलला आणि मामाच्या पाया पडला.

परतताना काकी ऑटोत एवढंच बोलल्या, "ताटात पैसा टाकाचा असते. चूल नाई."

आधी आधी भाचा आमच्याच वाती नेऊन विकायचा. मग त्यानं मशीन घेतलं. मग कुठून तरी स्वस्तातलं सूत आणायला लागला. त्याचे डबे वर्ध्यात दिसायला लागले. आणि आमचे काकाजी, जे लग्नाच्या वरातीत वाकत होते, ते त्या डब्यांपुढून लुना न थांबवता जायला लागले. मान दुसरीकडं करून. एका दुकानदारानं मुद्दाम हाक मारली, "काकाजी, आज माचिस नाई का?" तर म्हणाले, "ओली हाय."

आम्हा बायांना कळत होतं. पण मालकाच्या घरातलं आपण कसं बोलावं?

मग एक दिवस सेवाग्रामकडची एक बाई शेडमध्ये आली. तरातरा आली आणि पळसफुलाचा डबा काकाजींपुढं आपटला. आरती करताना तिच्या सुनेच्या हातावर वात वितळून पडली होती. वात कधी वितळते का हो? कापूस जळतो, वितळत नाही. "देवापुढं प्लास्टिक जाळाले लावता लोकाईले?" ती ओरडत होती. "हात पाहा पोरीचा, मंग समजंन!"

काकाजींनी डबा उचलला. माझ्या शेजारीच उभे होते ते, मलाही दिसलं. फुलाच्या सगळ्या पाकळ्या सरळ होत्या.

आता ते सांगतील, असं मला वाटलं. हा डबा आमचा नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. त्यांनी हात जोडले. "चूक आमची हाय, माय," म्हणाले. "पोरीले भेटाले येतो मी." आणि खरंच गेले.

त्याच आठवड्यात दुकानांतून खोकी परत यायला लागली. टेम्पो माल न्यायला यायचा, आता आणून टाकायला यायला लागला. शेडमध्ये जागा उरेना. पेळू संपले तरी नवे आले नाहीत. आम्ही नुसत्या बसायचो, हात मांडीवर ठेवून. ज्या हातांना सवय आहे त्यांना असं बसवत नाही हो. आमच्यातली एक उगाच राखेत बोटं बुडवायची आणि पुसायची.

आणि संकट कसं, एकटं येत नाही. नागपूरच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं तेवढ्यात पळसफूल नावानंच वाती काढल्या. रंगीत डबा, वर मोठं नारंगी फूल. काकाजींनी वर्ध्याच्या वकीलबाईकडून नोटीस धाडली होती, तिचं उत्तर आलं. त्या दिवशी नमुन्याचे डबे घेऊन मी त्यांच्यासोबत गेली होती. वकीलबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या.

"काकाजी, ते म्हणतात, या नावाच्या वाती तुमच्याच जिल्ह्यात दुसरा माणूसही विकतो. तुम्ही त्याला कधी अडवलं नाही. मग नाव तुमचं एकट्याचं कसं?"

"तो माहा भासा हाय."

"कोर्टात भाचा नसतो. एक वापरणारा असतो आणि एक गप्प बसणारा."

"म्यानंच देलं त्याले."

"चालेल, तसंही सांगता येतं. पण मग त्याचा माल तुमच्यासारखा आहे की नाही, हे तुम्ही पाहायला पाहिजे होतं. कधी पाहिलं? त्याची एक तरी वात पेटवली?"

काकाजींचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला.

वकीलबाई जरा हळू झाल्या. "आधी भाच्याला थांबवा. नाहीतर या व्यापाऱ्यापुढं मी उभी राहू शकत नाही. आणि तो एकटा नाही, त्याच्या मागून दहा येतील."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काकाजी, धुरा." एवढंच म्हटलं.

ते लुनाला किक मारत होते. ती लागत नव्हती. "ओवाळणी वापस मांगणारा भाऊ पाह्यला का तू कुठं?" असं म्हणाले आणि परत किक मारायला लागले.

दिवाळी आली. आमचा खरा धंदा दिवाळीचा, आणि शेड परत आलेल्या मालानं भरलेलं. लक्ष्मीपूजनाला काकींनी मशीन नसलेल्या त्या शेडमध्ये दिवा लावला. आम्ही सगळ्या उभ्या होतो. एकीनं विचारलंच, "काकाजी, दिवाळीनंतर येवाव का नाई आमी? नाई तं कापूस येचाले जातो." ते घरात निघून गेले.

भाऊबीजेला ऑटोनं हिंगणीला निघालो. बोर धरणाच्या बाजूचा रस्ता, दोन्हीकडं पळस, पण फुलाचे दिवस नव्हते. नुसती पानं.

बाईनं पाट मांडला, रांगोळी काढली. काकाजी बसले. भाचा मागच्याच जागी, दारात. बाईनं निरांजन पेटवलं. लेकाच्याच वाती होत्या त्यात, दुसऱ्या कोणाच्या असणार? तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि ताट उचललं.

पहिल्या फेऱ्याला वात चरचरली. दुसऱ्याला काळी धुराची रेघ निघाली आणि काकाजींच्या तोंडावरून गेली. प्लास्टिक जळाल्याचा वास घरभर झाला. तिसऱ्या फेऱ्याला निरांजनातून एक काळा थेंब सुपारीवर पडला आणि तिथंच घट्ट झाला. बाईचा हात थांबला. काकींनी माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं.

काकाजींनी खिशात हात घातला. मला वाटलं, माचिस. पण त्यांनी रुमाल काढला आणि पाटावर बसल्या बसल्याच दोन्ही हातांनी बहिणीपुढं पसरला.

"बाई, दरसाल तू मांगतं. आज मी मांगतो. माही छाप मले वापस दे."

भाचा उसळला. "वा मामा! ताटात टाकलेलं उचलता? गावात तोंड दाखवसान का?"

"नाई दाखवत," काकाजी म्हणाले. त्यांची नजर बहिणीवरच होती.

बाईनं ताट खाली ठेवलं. आवाज चढवला नाही तिनं. "बाबू, माय मेली तवा तू किती होता रे? माह्या मांडीले राखेचे चट्टे पडले, तवा तुह्या पोटात भाकर गेली. फूल तू काहाडलं असशीन. वात कोणाची व्हय?"

"तुहीच."

"मंग?"

"म्हणूनच मांगतो. तुह्या वातीच्या नावानं हे जळून राह्यलं, बाई."

मग तिनं खाली वाकून ती विझत आलेली वात चिमटीत धरली. तो काळा गोळा तिच्या बोटाला चिकटला. ती हललीही नाही. बोट झटकलं नाही की तोंडात घातलं नाही. तसंच बोट पुढं करून तिनं लेकाकडं पाहिलं. "हे काय व्हय?" म्हणाली.

भाचा दारातून बाजूला झाला.

ती आत गेली. भांडी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात ठसा होता. तिनं तो काकाजींच्या हातात दिला नाही, वरूनच रुमालात सोडला.

"घे. तुहं खरं हाय," म्हणाली. "पण ओवाळणी वापस नेणाऱ्या भावाले दुसऱ्यांदा ओवाळत नाईत. उठ आता. या पाटावर परत बसू नको."

न जेवता निघालो आम्ही. काकाजींनी ठसा रुमालात बांधून मांडीवर धरला होता, तान्हं पोर धरावं तसा. वर्धा येईपर्यंत त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

पुढं भाच्यानं छाप वापरणार नाही असं लिहून दिलं, डबे बंद केले. वकीलबाईंनी व्यापाऱ्याला धरलं. तो बरेच दिवस झुलवत राहिला, पण शेवटी त्यानं नाव बदललं, फूलही बदललं. दुकानदार एकेक करून परतले. काकाजी पुन्हा गल्ल्यापुढं वाती जाळायला लागले आणि दुकानदार पुन्हा ओरडायला लागले. आमचे हात पुन्हा राखेत गेले. आमच्या आठही घरच्या चुली पेटत्या राहिल्या त्या त्यामुळंच. नाव राहिलं.

फक्त भाऊबीजेला काकाजी सकाळी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसायचे आणि दिवसभर तिथंच. ऑटो बोलवायचे नाहीत. मी माहेरी निघाली की माझ्या पिशवीत एक डबा ठेवायचे. "बाईले देजो. मी देला म्हणून सांगू नको." मी दरसाल नेऊन द्यायची. बाई म्हणायची, "ठेव तिकडं," आणि दुसरं काही बोलायला लागायची. तो डबा फोडलेला मी कधी पाहिला नाही. फेकलेलाही पाहिला नाही.

गेल्या थंडीत काकाजी गेले. लुनावरून आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि गेले. हिंगणीला निरोप धाडला होता. मातीला बाई आली नाही. लोक बोलले, काकी ऐकून घेत राहिल्या. पुढच्या खोलीत, ते गेले त्या जागी दिवा लावला होता आणि आम्ही आळीपाळीनं त्यात तेल घालत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऑटो थांबला. भाचा बाहेरच उभा राहिला. बाई एकटी आत आली, काठी टेकत. ती रडली नाही, काकींकडं पाहिलं नाही. सरळ दिव्यापाशी गेली, काठी खाली ठेवली आणि बसली. मग वाकून तिनं जळत्या वातीचं टोक चिमटीत धरलं, नाकाशी नेलं. बोटात राख भुरभुरली.

"आपलीच हाय," ती म्हणाली, आणि मग तिनं टाहो फोडला.